ग्वांटानामोचे कैदी आणि मामाचं अंगण

शिकागोच्या मामाने फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकलं आणि आईची झोप उडाली. 'दादाच्या घराशेजारी अतिरेकी आणून ठेवणार का गं?' म्हणून तिने मला सकाळी साडेसहाला उठवलं. मजकूर २००९ पासून फिरतोय, फक्त इमोजी नवे: ग्वांटानामोचे, म्हणजे क्युबा बेटावरच्या अमेरिकी लष्करी तुरुंगातले, दहशतवादाचा संशय असलेले कैदी अमेरिकेच्या भूमीवर आणले तर आसपासच्या गावांवर हल्ले होतील, कोर्ट त्यांना सोडून देईल, तिथे बेटावर ते स्वस्तात राहतात, आणि 'खऱ्या देशभक्त' उमेदवारांनी याला पहिल्यापासून विरोध केलाय.

पहिल्यापासून? २००७ साली खुद्द रिपब्लिकन पक्षाचे जॉन मॅकेन म्हणत होते की मी अध्यक्ष झालो तर ग्वांटानामो बंद करून सगळे कैदी कॅन्ससच्या फोर्ट लेव्हनवर्थच्या लष्करी तुरुंगात हलवीन. २००८ च्या निवडणुकीत ते आणि ओबामा दोघेही तुरुंग बंद करू म्हणत होते. मे २००९ मध्ये त्यासाठीचा पैसा सिनेटने ९० विरुद्ध ६ मतांनी रोखला, त्यात ओबामांच्याच पक्षाचे ढीगभर लोक होते. कैदी तेच होते, मतदारसंघ आठवले एवढंच.

स्वस्तात म्हणे! 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०१९ साली हिशोब मांडला: ४० कैदी, वर्षाला ५४ कोटी डॉलर. म्हणजे माणशी सुमारे १ कोटी ३० लाख. मामा, तुझ्याच टॅक्समधून.

कोर्ट सोडून देतं, यात अर्धं खरं आहे, मान्य करते. ग्वांटानामोतून न्यूयॉर्कच्या कोर्टात आणलेला अहमद घैलानी २८० हून अधिक आरोपांतून सुटला. एकाच आरोपात दोषी ठरला. त्या एकात जन्मठेप झाली, हे फॉरवर्डमध्ये नाही.

आता शेजारी अतिरेकी. अरे, आम्ही सातरस्त्याला राहतो! कसाब आर्थर रोडच्या अंडा सेलमध्ये होता आणि आई रोज त्याच तुरुंगाच्या भिंतीलगत भाजी आणायला जायची. नाकाबंदीचा वैताग होता, बॅरिकेडपाशी पिशवी उघडून दाखवताना ती पोलिसांवर करवादायची. पण खटला तुरुंगाच्या आवारातच चालला, मे २०१० मध्ये शिक्षा झाली, नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्याला फाशी. पकडल्यापासून चार वर्षांच्या आत. ९/११ चा सूत्रधार खालिद शेख मोहम्मद २००३ मध्ये पकडला गेला. त्याला न्यूयॉर्कच्या कोर्टात उभं करायचं २००९ मध्ये ठरलं, २०११ मध्ये सरकारने शब्द फिरवला, कारण खटल्यासाठीसुद्धा कैदी अमेरिकेत आणायला तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, बंदी घातली होती. ग्वांटानामोतल्या लष्करी आयोगापुढे, म्हणजे लष्कराच्या खास कोर्टापुढे, त्याचा खटला अजून उभाच राहिलेला नाही. फॉरवर्डवाल्यांना हीच सुरक्षितता हवी असेल तर कमाल आहे.

राहिला फॉरवर्डसोबतच्या फोटोतला तुरुंग. तो इलिनॉयमधल्या थॉमसनचा, शिकागोपासून दीडशेएक मैलांवर. केंद्राने तो २०१२ मध्ये विकत घेतला खरा, पण ग्वांटानामोचा एकही कैदी तिथे गेलेला नाही. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, 'मग दादाला कळव की.' कळवलंय. दोन निळ्या टिका दिसतायत, उत्तर नाही.