निवेदन असं लिहा, की कुणालाच उठावं लागू नये

वस्तीखालून गॅसची वाहिनी गेली आहे, अधूनमधून वास येतो आणि पालिकेने काहीतरी करावं असं तुम्हा रहिवाशांना वाटतंय. उत्तम. निवेदन जरूर द्या. ‘सुरक्षेकडे गांभीर्याने लक्ष द्यावे’, ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’, ‘दुर्घटना घडल्यास जबाबदार कोण?’ ही वाक्यं कोणत्याही खात्याला मानवतात. ‘नोंद घेतली आहे’ एवढ्या उत्तरावर दोन्ही बाजूंची अब्रू राहते. सह्याही भरपूर घ्या. सह्या वाढल्या की मजकूर आपोआप मोघम होत जातो.

चुकूनही नकाशा मागू नका. नकाशा मागितला की तो शोधावा लागतो, सापडलाच तर जमिनीशी पडताळावा लागतो आणि त्यासाठी ठिकठिकाणी हाताने चाचणी खड्डे घ्यावे लागतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनो इथे ९ सप्टेंबर २०१० रोजी फुटलेली ३० इंची वाहिनी १९५६ साली टाकलेली होती. फुटलेला भाग कागदोपत्री बिनसांध्याचा होता. जमिनीखालच्या पाइपाला मात्र सांधा होता, त्याचं वेल्डिंग अर्धवट होतं आणि तो तिथेच उकलला. आठ माणसं गेली. कागदावर शेवटपर्यंत काही दोष नव्हता. अशा कागदाला उगाच त्रास कशाला?

त्याच दुर्घटनेत गॅस बंद करायला ९५ मिनिटं लागली, कारण व्हॉल्व्ह हाताने फिरवायचे होते आणि फिरवणारी माणसं आधी तिथवर पोहोचायची होती. तेव्हा ‘आमच्या भागाचा व्हॉल्व्ह कुठे आहे, तो कोण बंद करणार आणि किती मिनिटांत?’ असं विचारणं असभ्यपणाचं ठरेल. तुमच्या रस्त्यावर नवं डांबर पडताना चेंबरचं झाकण त्याखाली गेलं असेल, तर ते वर उचलून घ्या असंही म्हणू नका. व्हॉल्व्ह गंजून अडकला आहे हे फिरवून पाहिल्याशिवाय कळत नाही. न फिरवलेला प्रत्येक व्हॉल्व्ह चालूच असतो.

वासाबद्दल तक्रार करायची असेल तर ‘वास येतो’ एवढंच लिहा आणि वास थांबला की तक्रार मागे घ्या. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. १९३७ साली टेक्सासमधल्या न्यू लंडन इथल्या शाळेत बिनवासाचा गॅस साठून स्फोट झाला, सुमारे तीनशे जण गेले, आणि त्यानंतर गॅसमध्ये मुद्दाम दुर्गंधी मिसळण्याची सक्ती आली. बैल गेला अन् झोपा केला, पण निदान केला. आता तो झोपाही फार तपासू नका. गळती जमिनीखाली असेल तर माती हे वासाचं रसायन शोषून घेऊ शकते आणि गॅस वास मागे ठेवून पुढे सरकतो. वर डांबर-काँक्रीट असेल तर त्याला वर यायला वाट मिळत नाही. तो केबलच्या नळीतून, गटारातून आडवा जात तळघरात शिरतो. हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान पोहोचलं की दिव्याच्या बटणाची ठिणगीही पुरते. म्हणून वाहिनीलगत बारीक भोकं पाडून, आजूबाजूचे चेंबर उघडून यंत्राने मोजणी करा, अशी मागणी करू नका. नाकाने हुंगून शेरा मारणं किती सोपं असतं!

आता खोदकाम. इथे तर पूर्ण गप्प राहा, कारण बोलण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच आहे. पाण्याची लाइन, केबल, गटार, प्रत्येकाचा जेसीबी वेगळा आणि परवाना वेगळा. पाइपाच्या वर पिवळी पट्टी अंथरलेली असते, पण ती दिसेपर्यंत बादली खाली गेलेली असते. प्लास्टिकचा पाइप शोधयंत्राला सापडत नाही, म्हणून त्याच्यासोबत तांब्याची तार टाकतात. ती कुठेतरी तुटली की यंत्र मुकं. बादलीत अडकून पाइप ओढला गेला तर खड्ड्यातलं तुटलेलं टोक सगळ्यांना दिसतं आणि लगेच दुरुस्त होतं. त्याच हिसक्याने इमारतीच्या भिंतीपाशी निखळलेला दुसरा जोड कुणालाच दिसत नाही. तो तपासायला सांगून कामगारांची जेवणाची सुट्टी खाऊ नका.

आणि पोलादी पाइपाला नुसता ओरखडा गेला, गळती काहीच नाही, तर माती ढकलून मोकळं व्हायचं. वरचा लेप निघाला की गंज नेमका तिथे धरतो, पण त्याला वर्षं लागतात. तोवर ठेकेदाराचं बिल निघालेलं असतं. नेहमीच वर्षं लागतात असंही नाही. बेल्जियममध्ये गिलेंगियन इथे जुलै २००४ मध्ये यंत्राने आधीच खरवडलेली वाहिनी दाब वाढवल्यावर फुटली आणि २४ जण मेले.

एक मोह मात्र कसोशीने टाळा. पालिका म्हणेल वाहिनी कंपनीची, कंपनी म्हणेल रस्ता पालिकेचा. ही टोलवाटोलवी शांतपणे पाहत बसा. रस्ता खोदायचा परवाना पालिकेच्याच सहीने निघतो, हे तुम्हाला माहीत असल्याचं दाखवू नका. नाहीतर तुम्ही सुचवाल की परवान्यात अटी घाला: वाहिन्यांचा नकाशा जोडल्याशिवाय सही नाही, वाहिनीजवळ आधी हाताने खड्डा, मग यंत्र, गॅस कंपनीचा माणूस जागेवर हजर, आणि माती टाकण्याआधी उघड्या पाइपाचा तारखेसह फोटो. चार ओळींचं काम. खातं कळवेल की छापील नमुन्यात तेवढी जागा नाही. तेव्हा कागद उलटून मागची कोरी बाजू दाखवण्याचा आगाऊपणा करू नका.