फक्त पाथ चेक करा

पीथमपूरच्या एका कारखान्यात भट्टीचं टेंपरेचर नोंदवायला छोटासा आर्म प्रोसेसरचा बोर्ड लावायचाय, लिनक्स आहे त्यावर, रॅम 64 एमबी. त्याच्यासाठी एक पॅकेज बिल्ड करायचं, जे झी-लिब ही डेटा दाबून लहान करणारी लायब्ररी, म्हणजे आयता कोड, वापरतं. बास, एवढंच काम. ऑफिसातला मित्र म्हणे, "अरे भिया, बोर्डवरच कंपाइल करून टाक ना!" म्हटलं 64 एमबीत जीसीसी कंपायलर तूच चालवून दाखव, मग पोहे खायला निघून गेला.

तर कंपाइल करायचं इंटेलच्या लॅपटॉपवर, चालणार आर्मवर. त्यासाठी बोर्डाच्या लायब्ररी आणि हेडर, म्हणजे लायब्ररीत काय काय आहे त्याची यादी, एका वेगळ्या फोल्डरात ठेवायच्या, त्याला म्हणतात सिसरूट, आणि कंपायलरला दम द्यायचा की जे शोधायचं ते इथेच शोध, बाहेर हिंडू नकोस. कंपायलर बिचारा ऐकतो. बाकीची मंडळी ऐकत नाहीत.

लायब्ररींचे पत्ते सांगायचं काम पीकेजी-कॉन्फिगचं, आणि तो म्हणजे तर आमच्या रामबागेतला पानवाला, कुणाचाही पत्ता विचारा, "माहीत नाही" म्हणणं त्याच्या शानके खिलाफ, हात लांब करून कुठेतरी पाठवणारच. झी-लिब कुठाय? लगेच लॅपटॉपच्या यूएसआर-लिबकडे बोट. पीकेजी-कॉन्फिग-पाथ सेट केला तर म्हणतो बरं, आधी तिथे बघतो, पण माझे जुने अड्डे आहेतच. ते अड्डे बंद करायला पीकेजी-कॉन्फिग-लिबडिर हा वेगळा व्हेरिएबल, आणि मिळालेल्या पाथच्या पुढे सिसरूट चिकटवायला पीकेजी-कॉन्फिग-सिसरूट-डिर हा आणखी एक. काही लायब्ररींसोबत येणाऱ्या डॉट एलए फाइलींच्या पोटातही असेच पत्ते कोरलेले असतात, त्या मी सरळ उडवल्या, कुणी हूं की चूं केलं नाही.

मग लिंकर, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे लायब्ररींशी जोडणारा. "स्किपिंग इनकम्पॅटिबल", खाली पुन्हा "स्किपिंग इनकम्पॅटिबल", आणि शेवटी "कॅनॉट फाइंड डॅश एल झेड", म्हणजे झी-लिब सापडत नाही. अरे बाबा, आत्ता तुझ्यासमोरच तर होती! पण खरं सांगू, लिंकरचा मला राग येत नाही, माणूस भांडखोर असला तरी प्रामाणिक आहे. लायब्ररीच्या फाइलीत ती कुठल्या प्रोसेसरची ते लिहिलेलं असतं, तो ते वाचतो आणि तोंडावर नाही म्हणतो. हेडरचं तसं नाही, ती साधी टेक्स्ट फाइल, तिची जात कोण विचारणार? कुण्या महाभागाने मेकफाइलमध्ये, म्हणजे बिल्डच्या कृतीत, डॅश कॅपिटल आय स्लॅश यूएसआर स्लॅश इन्क्लूड लिहून ठेवलं की लॅपटॉपच्या हेडर गुपचूप बोर्डाच्या प्रोग्रामात शिरतात, कधी एरर येते, कधी नाही येत, आणि नाही आली की समजायचं ती पीथमपूरला येणार, तीही रात्रपाळीत.

असो. एकदाचं बिल्ड झालं, बोर्डवर टाकलं, रन केलं. "नॉट फाउंड". एलएस मारलं तर फाइल समोर बसलेली, परमिशनसुद्धा ठीक! रीडएल्फ या टूलने फाइलीच्या पोटात बघितल्यावर कळलं की तक्रार माझ्या फाइलीबद्दल नव्हतीच, ती ज्या लोडरला, म्हणजे प्रोग्राम सुरू करून देणाऱ्याला, हाक मारत होती तो एलडी-लिनक्स-आर्मएचएफ बोर्डवर राहतच नाही. बोर्डवाल्यांनी सिस्टीम बनवली मसल या सी लायब्ररीवर, आणि सोबत टूलचेन, म्हणजे कंपायलर-लिंकरचा संच, पाठवली जी-लिबसी या दुसऱ्याच सी लायब्ररीची, आणि दोघींचे लोडर वेगळे.

त्यांच्या सपोर्टला फोन लावला, सगळं नीट समजावून सांगितलं, मसल, जी-लिबसी, लोडर, सगळं. पलीकडचा शांतपणे ऐकत होता.

"हो जाएगा सर," तो म्हणाला, "आप बस एक बार पाथ चेक कर लीजिए."