दहापैकी एक

मुलांना छापचित्रं शिकवायची तर आधी निबर भेंडी मिळवावी लागते. कोवळी भेंडी दाबली की चेपते. निबर असली तर तिच्या कापाचं पाच पाकळ्यांचं फूल स्वच्छ उमटतं. बडोद्याच्या खंडेराव मार्केटात मी निवडून निवडून जून भेंड्या घेत होते, तर भाजीवाल्याला माझी दया आली. "बेन, ए तो ढोरने नखाय!" म्हणत त्याने सगळ्या बाजूला केल्या आणि पाव किलो कोवळ्या लुसलुशीत तोलून दिल्या. नवऱ्याने भाजीचं कौतुक केलं. वर्गाचं काय, ते कोणी विचारलं नाही.

मग बटाटा. कापल्यावर त्याला पाणी सुटतं, ते फडक्याने टिपायचं, नाहीतर पोस्टर कलर घसरतो. एवढं सांगून होईतो दुसरीतल्या एका चिरंजीवांनी आपला बटाटा पुढच्याच्या पांढऱ्या शर्टावर उमटवलाही होता. ठसा, खोटं कशाला बोलू, फार सुरेख आला होता.

थर्माकोलच्या ताटलीवर रिकाम्या रिफिलीने चित्र दाबायचं, रोलरने रंग फिरवायचा, कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचं. दाबलेली रेघ पांढरी राहते आणि सगळं उलटं येतं. मुलांना यात काही वावगं वाटलं नाही. एका आईने मात्र मला कोपऱ्यात नेऊन विचारलं, "नाव उलटं लिहायला लागलाय. डॉक्टरांना दाखवू का?"

पालकांसाठी मी थोडं भाषणही केलं. रविवर्म्याने गायकवाडांसाठी चित्रं रंगवली ती राजवाड्यात राहिली. १८९४ साली त्याचा छापखाना निघाला तेव्हा लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. आपल्या बडोद्यातच ज्योती भट्टांसारखे छापचित्रकार घडले. दांडिया बाजारातल्या एक आजी खट्टू झाल्या. "म्हणजे आमची लक्ष्मी झेरॉक्स?"

पण खरं रामायण पुढेच होतं. एका ठशाच्या दहा प्रती काढल्या तर प्रत्येकीखाली पेन्सिलीने १/१०, २/१० असे क्रमांक घालून सही करायची, ही छापचित्रकारांची रीत. मी ती मोठ्या हौसेने शिकवली. मुलांनी एकेक प्रत घरी नेली, बाकीच्या मैत्रीत वाटल्या. रात्री व्हॉट्सॲप पेटलं. "चित्र एवढं छान, आणि दहापैकी एकच मार्क?" "हिला दोन, शेजारणीच्या मुलीला सात. ताई, हे बरोबर नाही." बँकेत असलेल्या एका बाबांनी फेरतपासणीचा रीतसर अर्ज लिहून पाठवला. हे गुण नाहीत, अनुक्रमांक आहेत, सगळ्या प्रती सारख्याच मोलाच्या, असं मी लांबलचक लिहिलं. उत्तर आलं : "समजलं. तरी पुढच्या वेळी जरा सढळ हाताने द्या."

दुसऱ्या दिवशी सगळे कागद खाडाखोड करून परत आले. झाडून सगळ्यांवर १०/१०. बटाटेवाल्या चिरंजीवांच्या कागदावर मात्र ११/१०.

"हे कसं रे?"

"ताई, एक शर्टावर आहे ना!"