एका गोळीत काम होतं, पण कशाचं?

नमस्कार ताई,

तुमच्या प्रतिक्रियेचा रोख असा : अंगावरून पांढरं जाणं आणि खाज ही बायकांची नेहमीचीच तक्रार, मेडिकलमधून फ्लुकोनाझोल १५० ही बुरशीवरची गोळी आणली की एका गोळीत भागतं, नाहीतर घरचं दही आहेच, मग 'तपासून घ्या' म्हणत मी डॉक्टरांची दुकानदारी का चालवते?

गोळीबद्दल तुमचं बरोबरच आहे. एरवी तब्येत ठीक असलेल्या, गरोदर नसलेल्या बाईला क्वचित होणारा साधा बुरशीचा संसर्ग १५० मि.ग्रॅ.च्या एका गोळीने जातो. तितकाच गुण क्लोट्रिमाझोल या बुरशीवरच्याच औषधाच्या, योनीमार्गात ठेवायच्या गोळीनेही येतो : ५०० मि.ग्रॅ. एकदाच किंवा १०० मि.ग्रॅ. सहा-सात रात्री. ही झोपताना, पाठीवर पडून, गुडघे वर घेऊन जमेल तितकी आत सरकवायची. आत कोरडेपणा असेल तर ती नीट विरघळत नाही, सकाळी तुकडे बाहेर पडतात आणि 'औषध लागू पडलं नाही' असं वाटतं. अशा वेळी क्रीम बरं. गरोदरपणात मात्र तोंडाने फ्लुकोनाझोल घ्यायचं नाही. क्लोट्रिमाझोल सात रात्री, तेही डॉक्टरांना सांगूनच.

वाद आहे तो निदानाचा. अमेरिकेत स्वतःच्या मनाने दुकानातून बुरशीचं औषध घेणाऱ्या बायकांना २००२ सालच्या एका अभ्यासात तपासलं, तेव्हा जेमतेम एक तृतीयांश जणींनाच बुरशीचा संसर्ग निघाला. बुरशीचा स्राव फाटलेल्या दुधासारखा गुठळ्यांचा असतो, त्याला फारसा वास नसतो, खाज आणि लघवीच्या वेळी आग जास्त. पातळ, राखाडी आणि मासळीसारखा वास असेल तर तो बहुधा जिवाणूंचा बिघाड. त्याला मेट्रोनिडाझोल हे जिवाणूंवरचं औषध लागतं, फ्लुकोनाझोलचा काडीचा उपयोग नाही. हिरवट-पिवळा, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास हा शरीरसंबंधातून पसरणारा परजीवी, आणि त्यात नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. पण नुसत्या दिसण्यावर अंदाज चुकतो, म्हणून स्रावाचा पीएच, म्हणजे आम्लता, बघतात (बुरशीत तो सहसा ४.५ च्या आतच राहतो) आणि काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू शोधतात. फीचा प्रश्न असेल तर सरकारी रुग्णालयांत अशा संसर्गांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तिथे तपासणी आणि औषध फुकट. पांढरं जाण्यासाठी तिथे मिळणाऱ्या हिरव्या किटमध्ये सेक्निडाझोल (मेट्रोनिडाझोलच्याच जातीचं औषध) २ ग्रॅम आणि तुमचीच ती फ्लुकोनाझोल १५० असते.

दही खा, खुशाल खा. आत लावू नका. विरजणातले जिवाणू आणि योनीमार्गाचं रक्षण करणारे लॅक्टोबॅसिलस हे सहसा निरनिराळे, आणि दह्याने बुरशी जाते याला भक्कम पुरावा नाही. लसणाची पाकळी ठेवण्याने तर नाजूक त्वचा भाजते. सुगंधी 'इंटिमेट वॉश'चीही गरज नाही. बाहेरून साधं पाणी पुरे.

आता गोळी घेऊनही महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा खाज सुटते त्यांचं. इथे पहिली शंका साखरेची. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी) करून घ्या. मधुमेह आधीच असेल तर गोळ्यांच्या पाकिटावर डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन हे नाव आहे का बघा. ही औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, म्हणजे बुरशीला तिथेच खाऊ मिळतो. डापाग्लिफ्लोझिन स्वस्त झाल्यापासून ते सर्रास लिहून दिलं जातं; पण ते परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना ही तक्रार सांगा. उलट बाजूही आहे : मधुमेहाची ग्लिमेपिराइड ही गोळी चालू असताना फ्लुकोनाझोल घेतलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते, आणि रक्त पातळ करणारं वॉर्फरिन चालू असेल तर रक्तस्राव होऊ शकतो. मेडिकलवाला हे विचारत नाही.

वर्षात तीन किंवा जास्त वेळा झालं तर एका गोळीचा हिशेब संपला. मग १५० मि.ग्रॅ. पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी आणि पुढे आठवड्याला एक, सहा महिने, असा कोर्स डॉक्टर देतात. त्याआधी कल्चर करावं, म्हणजे स्रावातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून तिची जात ओळखावी, कारण कँडिडा ग्लॅब्राटा ही जात फ्लुकोनाझोलला सहसा दाद देत नाही आणि क्रुसेई तर मुळीच नाही. तिथे ६०० मि.ग्रॅ. बोरिक ॲसिडची कॅप्सूल रोज रात्री आत ठेवून दोन-तीन आठवडे उपचार करतात. ती चुकून गिळली तर विषारी, आणि गरोदरपणात बंद. कॅरम बोर्डाची बोरिक पावडर भरून घरी करायचा हा प्रयोग नव्हे.

खाजेवर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल हे स्टिरॉइड असलेलं 'तिहेरी' (अनेक औषधं एकत्र केलेलं) मलम कुणी हातात ठेवलं तर परत द्या. दोन दिवस थंड वाटतं, आत बुरशी वाढत राहते आणि कातडी पातळ होते.

शेवटी तुम्ही विचारलंय, नवऱ्यालाही गोळी द्यावी का. बुरशीच असेल आणि त्याला खाज, लाली काही नसेल, तर नको. क्लोट्रिमाझोलचं क्रीम चालू असेपर्यंत मात्र कंडोमवर भिस्त ठेवू नका. क्रीममधल्या तेलाने कंडोमचं लॅटेक्स (रबर) कमजोर होतं.