थंड सीटमुळे लिटरमागे 2 किलोमीटर जातात? हिशेब मांडून बघा

गेल्या मे महिन्यात मामांच्या गाडीतून नागपूरहून चंद्रपूरला चाललो होतो. बाहेर 45 अंश. मामांचं वय 68, गाडी नवीकोरी, पुढच्या दोन्ही सीटना आतून हवा येण्याची सोय. चहाला उतरलो तेव्हा त्यांच्या शर्टाची पाठ पिळून काढावी इतकी ओली होती. "मामा, सीटचं बटण का नाही दाबलंत?" विचारलं, तर त्यांनी मोबाइलच पुढे केला. "अरे, हे वाच आधी."

मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. मजकूर साधारण असा: थंड सीट लावली की ॲव्हरेज लिटरमागे 2 किलोमीटरने पडतं. सीट एसीच्या गॅसवर थंड होते, त्यामुळे कॉम्प्रेसरवर दुप्पट ताण येतो. बॅटरी दोन वर्षांत संपते. इलेक्ट्रिक गाडीत तर एका चार्जमागे 30 किलोमीटर कमी होतात. खाली कुणीतरी तितक्याच ठामपणे उत्तर दिलं होतं, की हे सगळं बॅटरीवर चालतं, पेट्रोलचा थेंबही जात नाही.

गाड्यांच्या वायरिंगमध्ये माझी 19 वर्षं गेली. मेसेज चूक आहे आणि ते उत्तरही चूक आहे. पण एक म्हातारा माणूस भर उन्हाळ्यात तासाला दोन-तीन रुपये वाचवायला घामाने भिजत बसतो, हे मला सहन होत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ती "एसीच्या गॅसवर चालणारी सीट". आपल्याकडे 2017 च्या व्हर्नापासून हे प्रकरण मध्यम किमतीच्या गाड्यांत आलं, पुढे सेल्टॉस, क्रेटा, एक्सएल6 असं पसरत गेलं. अशी सीट उघडली की आत काय दिसतं? तळहाताएवढा पंखा. वर जाळीदार स्पंज, त्यावर बारीक भोकांचं लेदर. गॅसची नळी नाही, कॉम्प्रेसरशी काही जोड नाही. पंखा केबिनमधलीच हवा पाठीमागे खेळवतो, घाम सुकतो आणि गार वाटतं. गाडी तासभर उन्हात उभी असेल तर सुरुवातीला हाच पंखा गरम हवा फिरवतो, आणि मग लोक म्हणतात "सीट काम करत नाही". आधी काचा उघडून वाफ जाऊ द्या, एसी लावा, मग सीटचं बटण दाबा. काही महागड्या गाड्यांत विजेवर खरोखर थंड होणारी चकती सीटमध्ये असते, ती जास्त वीज खाते. मामांच्या गाडीत ती नाही.

आता 2 किलोमीटरचा दावा. खरा मुद्दा हाच, म्हणून इथे जरा थांबतो.

चंद्रपूरला पोचल्यावर मामांच्या अंगणात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवलं आणि सीटच्या वायरला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. दोन्ही सीट सर्वांत जोरात: अडीच अँपिअरच्या आसपास. गाडीचा व्होल्टेज 14 च्या जवळ असतो, म्हणजे साधारण 35 वॅट. नऊ वॅटचे चार एलईडी बल्ब लावावेत एवढी वीज.

ही वीज पेट्रोलमधूनच येते. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे 9 युनिट (वीजबिलातलंच युनिट) ऊर्जा असते. इंजिन त्यातली जेमतेम पाव भाग कामी आणतं, आणि त्यातलीही निम्मी-साठ टक्केच आल्टरनेटरमधून, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या जनरेटरमधून, वीज होऊन बाहेर पडते. हाती लागते सव्वा युनिट. तासभर 35 वॅट म्हणजे 0.035 युनिट, त्याला पेट्रोल लागलं 28 मिलिलीटर. चहाचा अर्धा कप. लिटरला 104 रुपये धरले तर तीन रुपयांच्या आत. ताशी 60 ने चाललेली आणि 15 चं ॲव्हरेज देणारी गाडी तेवढ्या वेळात 4 लिटर पिते. त्यात हे 28 मिलिलीटर मिळवा: 15 चे 14.9 होतात. पंखा मधल्या पातळीवर असेल तर तेवढेही नाहीत.

उलट बाजूनेही तपासा. ॲव्हरेज खरंच 15 वरून 13 वर यायचं तर तासाला 600 मिलिलीटर जादा पेट्रोल जायला हवं. तेवढ्या पेट्रोलमधून 750 वॅट वीज निघते. म्हणजे घरातला मोठा मिक्सर तासभर न थांबता चालवल्यासारखं. सीटच्या त्या बारीक वायरमधून 50 अँपिअरपेक्षा जास्त करंट गेला असता. फ्यूज क्षणात उडाला असता.

पण म्हणून "थेंबही जात नाही" हेही खरं नाही. ज्यांनी जुन्या सायकलला डायनॅमो लावला असेल त्यांना हे पायांनी माहीत आहे. डायनॅमो टायरला टेकवला, दिवा लागला, की पॅडल जड. आल्टरनेटर तसाच आहे: तो आधीपासून फिरत असला तरी जेवढी वीज मागाल तेवढा पट्टा जड होतो. बॅटरी फक्त मधली घागर आहे, भरतं ते इंजिनच. गाडी उभी असताना मागच्या काचेवरची वाफ घालवणारा डीफॉगर लावा आणि कान देऊन ऐका, काही गाड्यांत इंजिन क्षणभर दबलेलं कळतं.

बॅटरी संपण्याबद्दल फार बोलायला नको. इंजिन चालू असताना हा भार आल्टरनेटर उचलतो. आपल्याकडे बॅटरी लवकर जाते ती बहुतेकदा उन्हाळ्याच्या उष्णतेने आणि आठवडाभर बंद उभ्या राहिलेल्या गाडीने.

मेसेजमध्ये जी गोष्ट अजिबात नाही, ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पेट्रोल खाणारा खरा गडी एसीचा कॉम्प्रेसर आहे. कडक उन्हात तो इंजिनकडून किलोवॅटच्या हिशेबात ताकद घेतो. अमेरिकी सरकारची इंधनबचतीची माहिती सांगते, की अतिउष्ण हवेत, विशेषतः छोट्या फेऱ्यांत, एसीमुळे ॲव्हरेज 25 टक्क्यांहून अधिक घटू शकतं. कोलोरॅडोमधल्या एनआरईएल या ऊर्जा प्रयोगशाळेने घाम गाळणारा, श्वास घेणारा पुतळा सीटवर बसवून प्रयोग केले. त्यांचा अंदाज: अमेरिकेतल्या सगळ्या प्रवासी गाड्यांत अशा सीट असत्या, तर एसीवर जाणाऱ्या इंधनात साडेसात टक्के बचत झाली असती, वर्षाला 52 कोटी गॅलन. कारण पाठ गार असली की केबिन तेवढी थंड करावी लागत नाही. मात्र ही बचत आपोआप होत नाही. सीट लावूनही एसी 18 वरच ठेवलात तर फायदा फक्त पाठीचा. 24-25 वर आणलात तर पेट्रोलचाही.

इलेक्ट्रिक गाडीचा दावा तर जास्तच फुगवलेला. किलोमीटरला 120 वॅट-तास खाणारी गाडी ताशी 50 ने तासभरात 6 युनिट वापरते, सीटचा वाटा 0.035. तीनशे किलोमीटरच्या पल्ल्यात पावणेदोन किलोमीटर गेले.

गरम सीटचं गणित वेगळं आहे, आणि ते मिनेसोटा-टोरांटोतल्या आपल्या मंडळींच्या कामाचं. तिथे पंखा नाही, तापणारी तार असते; एका सीटला 50 ते 100 वॅट. पेट्रोल गाडीत केबिनचा हीटर इंजिनच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर जवळजवळ फुकट चालतो, त्यामुळे गरम सीट हा वरचा खर्चच. दोन्ही सीट पूर्ण जोरात तासभर चालल्या तर 100 मिलिलीटर किंवा थोडं जास्त. पण सीट एक-दोन मिनिटांत तापते. तिच्यामुळे सकाळी अंगणात दहा मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवणं टळत असेल, तर तो खर्च तिथेच भरून निघतो. इलेक्ट्रिक गाडीत मात्र वाया जाणारी उष्णता फारशी नसते, केबिनचा हीटर काही किलोवॅट खातो. अमेरिकेच्या ट्रिपल-ए संस्थेने 2019 साली पाच गाड्या तपासल्या, उणे 7 अंशांत हीटर लावून पल्ला सरासरी 41 टक्क्यांनी घटला. तिथे केबिन थोडी कमी तापवून सीट गरम ठेवणं म्हणजे सरळ किलोमीटर वाचवणं.

ॲव्हरेजची चिंता असेल तर चारही टायरची हवा बघा. सरासरी 3 पीएसआय कमी असेल तर जवळजवळ तेवढंच इंधन वाया जातं, जेवढं दोन्ही थंड सीट मिळून खातात.

मामांच्या गाडीत अजून एक गोष्ट निघाली. डिलिव्हरीच्या दिवशीच कुणाच्या तरी सल्ल्याने त्यांनी मूळ सीटवर जाड रेक्झिनचं कव्हर चढवलं होतं. बटण दाबलं असतं तरी भोकं बंद असल्याने हवा पाठीपर्यंत पोचलीच नसती. पुढची दोन्ही कव्हरं त्याच संध्याकाळी काढून टाकली. परतीच्या वाटेवर एसी 25 वर होता आणि बुटीबोरीपर्यंत मामा निवांत झोपले होते.