दुखतंय म्हणते, तर वेणी सैल करा

वेणी घालून घेताना मुलगी "दुखतंय" म्हणाली की बहुतेक घरांत उत्तर ठरलेलं असतं: "हलू नकोस, झालंच आता." माझं म्हणणं आहे की तो शब्द कानावर पडला की हात तिथेच थांबायला हवा. ती नखरे करत नसते. केसांच्या मुळांवर सोसवणार नाही इतका ताण येतोय, हे तिचं डोकं तिला सांगत असतं.

अशी ओढ रोज, वर्षानुवर्षं बसत राहिली की केस जातात. डॉक्टर याला ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात. हे काही नव्याने कळलेलं नाही. केस घट्ट ओढून वर बांधणाऱ्या ग्रीनलंडमधल्या बायकांमध्ये याची नोंद १९०७ सालीच झाली होती. शंभर वर्षं उलटून गेली, तरी कपाळ मोठं दिसायला लागलं की आपण आनुवंशिकतेला, पाण्याला, शाम्पूला दोष देतो. केस बांधतो कसे, हे मात्र कुणी विचारत नाही.

सुरुवात बहुधा कपाळाच्या कडेला आणि कानशिलांपाशी होते, कारण पोनीटेल किंवा अंबाड्याची ओढ तिथेच जास्त बसते. आधी टाळू हुळहुळते, डोकं दुखतं, मुळांशी बारीक पुळ्या येतात. मग केस विरळ होतात. एक खूण आरशात सहज दिसते. अगदी कडेला बारीक, आखूड केसांची झालर शिल्लक असते आणि तिच्या मागचा पट्टा विरळ झालेला असतो. ते आखूड केस रबरबँडपर्यंत पोचतच नाहीत, म्हणून बरेचदा वाचतात.

घट्ट बारीक वेण्या, वजनदार एक्स्टेन्शन्स, रोज त्याच जागी खोचलेल्या पिना, या सगळ्यांनी हे होतं. केमिकलने सरळ केलेले केस घट्ट बांधले तर धोका आणखी वाढतो. आणि हे फक्त बायकांचं दुखणं नाही. लांब केस घट्ट बांधणाऱ्या पुरुषांनाही होतं.

मला सगळ्यात जास्त तळमळ याची वाटते, की हे टाळता येतं. वेळेत ओढ थांबवली तर केस बहुतेक वेळा परत येतात. धीर मात्र धरावा लागतो, कारण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटरच वाढतो. पण वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं की मुळाच्या जागी व्रण तयार होतो आणि तिथे पुन्हा केस उगवत नाही. ओढ तशीच ठेवून तेलं बदलत राहण्यात काही अर्थ नाही. पट्टा विरळ दिसला तर सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, आणि केस कसे बांधता तेही त्यांना आवर्जून सांगा.

शाळा, नृत्यवर्ग आणि गणवेशाची नोकरी देणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. एकही बट सुटता कामा नये, हा हट्ट कशासाठी? केस तोंडावर येऊ नयेत, हे समजू शकते. त्यासाठी सैल वेणी पुरते, मऊ कापडी बँड पुरतो. घरी आल्यावर केस मोकळे सोडावेत, बांधायची जागा अधूनमधून बदलावी, झोपताना अंबाडा ठेवू नये. संध्याकाळी केस सोडल्यावर "हुश्श" वाटत असेल, तर उद्या सकाळी रबरबँडचा एक वेढा कमी द्या.