मोहरी तडतडली की सांग

आमच्या घरात माणसं दोन. आई, वय 86, तिला दिसतं पण नीट ऐकू येत नाही. मी, वय 61, मला ऐकू येतं पण दिसत नाही. बेल वाजली की मी ओरडतो, आई हिंचक्यावरून, म्हणजे झोपाळ्यावरून, उठते, खिडकीतून बघते आणि कोण आलंय ते सांगते. कुरियरवाला असला तर त्याचं बोलणं मी ऐकायचं, कागदावर सही तिने करायची. बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या या जोडीची बऱ्यापैकी थट्टा चालते आणि ती आम्हीही करतो.

कुरियर येतात ती बहुतेक पुण्याहून. मुलगा पाठवतो. बोलणारं घड्याळ, बोलणारं बीपीचं मशीन, चार पायांची काठी, भिंग लावलेला दिवा, आणि एकदा तर चमच्याएवढं काहीतरी, जे कशासाठी होतं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. कपाटाचा खालचा खण त्यानेच भरलाय. आई त्या खणाला 'म्युझियम' म्हणते. फोनवर मुलगा विचारतो, "बाबा, वापरताय ना?" मी "हो" म्हणतो. पोराचं मन कशाला मोडा?

यात पोराची चूक नाही आणि यंत्रांचीही नाही. बोलणारं घड्याळ चांगलंच आहे, फक्त ते इंग्रजीत बोलतं आणि आईला ते ऐकू येत नाही. म्हाताऱ्या आणि अपंग माणसांना आपण वस्तू देतो, पण ती वस्तू त्यांच्या घराला, त्यांच्या सवयींना, त्यांच्या भाषेला बसवून द्यायला कोणीच बसत नाही. शिंप्याकडे कापड टाकलं तरी तो माप घेतो, मग फिटिंगला एकदा बोलावतो. इथे वीस-तीस हजारांचं यंत्र लोक दहा मिनिटांत गळ्यात मारतात.

आईच्या कानाच्या मशीनचंच बघा. चार वर्षांपूर्वी एका दुकानात गेलो. बंद खोलीत बसवलं, मशीन कानात घातलं. तो माणूस दीड फुटावरून खणखणीत आवाजात विचारतो, "बा, संभळाय छे?" म्हणजे, ऐकू येतंय का? आई म्हणाली, हो. तेवढ्या अंतरावरून मशीनशिवायही तिने होच म्हटलं असतं. बिल झालं, माझं जवळजवळ महिन्याभराचं पेन्शन गेलं आणि आम्ही घरी आलो. घरी कुकरची शिट्टी झाली आणि आईने दोन्ही हातांनी कान धरले. रस्त्यावरचे हॉर्न, वर्तमानपत्राचं पान उलटणं, माझ्या चपला, सगळं एकदम अंगावर आलं. "डोक्यात कुणीतरी भांडी आपटतंय, काढ हे."

त्यात सेलचा घोटाळा. ते बारीक बटणासारखे सेल सहाच्या पाकिटात येतात आणि आईच्या मशीनला लागतात त्यांच्यावर नारिंगी स्टिकर असतो. स्टिकर काढला की सेलमध्ये हवा शिरते आणि तो चालू होतो. जस्त आणि हवा यांवरच तो चालतो. एकदा सुरू झाला की वापरा नाहीतर ठेवून द्या, थोड्या आठवड्यांत संपतो. स्टिकर परत चिकटवून उपयोग नाही. हे दुकानदाराने सांगितलं नव्हतं. माझी आई टापटिपीची. तिने दुसऱ्याच दिवशी सगळ्या पाकिटांमधल्या सगळ्या सेलांचे स्टिकर काढले आणि सेल कुंकवाच्या जुन्या डबीत नीट रचून ठेवले. का, तर ऐन वेळी नखाने निघत नाहीत म्हणून! महिन्याभरात मशीन मुकं. दुकानदार म्हणाला, नवीन पाकिटं घ्या. आई म्हणाली, काही नको. मशीन म्युझियममध्ये गेलं ते दोन वर्षं तिथेच.

त्या दोन वर्षांत आमच्याकडे फोडणी करपायला लागली. मला आधी वाटलं वय झालं, लक्ष राहत नसेल. एके दिवशी मी ओट्याशी उभा होतो आणि सहज म्हणालो, "आई, मोहरी तडतडली, हिंग घाल." ती चमकून म्हणाली, "तडतडली? कधी?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला (माझ्या बाबतीत तो फक्त डोक्यातच पडू शकतो). म्हातारपणी कान जातात ते सगळे सारखे जात नाहीत. आधी वरच्या पट्टीतले, बारीक, तीक्ष्ण आवाज जातात. मोहरीची तडतड, पैंजण, लहान मुलांचं बोलणं आणि बोलण्यातले स, श, फ, त, क. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. म्हणून 'भात' म्हटलं तर आई 'हात' ऐकते आणि आपल्याला वाटतं ही मुद्दाम करते. मोठ्याने ओरडून काही होत नाही, कारण ओरडलं की स्वरच मोठे होतात.

त्या दिवसापासून आमचा नियम झाला. फोडणी घालताना ती मला हाक मारायची, "ये रे, मोहरी तडतडली की सांग." मी ओट्याशी कान लावून उभा. तिखटाने डोळ्यांत पाणी यायचं, ते मात्र माझ्या डोळ्यांना अजून छान जमतं.

मागच्या वर्षी कुणीतरी एका ऑडिओलॉजिस्ट मुलीचं, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून मशीन जुळवून देणारीचं, नाव सुचवलं. नात शोभेल अशी. तिने मशीनला हातच लावला नाही आधी. आईला विचारलं, "आजी, घरात तुम्हाला कशाचा आवाज ऐकू यायला हवाय?" मला वाटलं आई म्हणेल, मुलाचा. आई म्हणाली, "मोहरीचा." मुलगी हसली नाही. तिने लिहून घेतलं. मग तपासणी केली, कानाचा साचा नवा घेतला, मशीन संगणकाला जोडून आवाज मुद्दाम कमी ठेवला आणि सांगितलं, पहिला आठवडा रोज दोनच तास, तेही घरात, पंखा बंद करून. मग स्वयंपाकघर. बाहेर जायचं ते महिन्याने. अडीच महिन्यांत आम्ही पाच वेळा गेलो. प्रत्येक वेळी ती विचारायची काय टोचलं, काय ऐकू आलं नाही आणि थोडं थोडं जुळवायची. इतकी वर्षं शांततेत राहिलेल्या मेंदूला पुन्हा ऐकायला शिकावं लागतं, ते एका दिवसात होत नाही, असं ती म्हणाली. मशीन तेच होतं हो! म्युझियममधलंच, धूळ पुसून नेलेलं.

तिसऱ्या फेरीनंतर आई घरी येऊन हिंचक्यावर बसली आणि म्हणाली, "या कड्या कधीपासून करकरतायत? तेल घालत नाही कुणी?" कड्या सात-आठ वर्षं करकरतायत. मी तेल घातलं.

आता माझं. मला काचबिंदू. हा चोर आहे, कडेकडेने नजर खातो आणि मधलं शेवटपर्यंत ठेवतो, म्हणून माणसाला उशिरा कळतं आणि गेलेली नजर परत येत नाही. चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब तपासून घ्या, विशेषतः घरात कुणाला असेल तर. नोकरीची शेवटची चार वर्षं मी एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचं बोलून वाचणाऱ्या प्रोग्रॅमवर, काढली. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने तो लिहायला घेतला आणि तो आजही फुकट आहे. ज्याला गरज त्यानेच बनवलेली वस्तू, म्हणून ती हाताला बसते.

फोनचं मात्र हसू येईल. माझ्या फोनवर गुजराती मेसेज आला की तो गुजरातीत झकास वाचायचा, कारण लिपी वेगळी, त्याला लगेच कळतं. मराठी आणि हिंदीची लिपी एकच. त्यामुळे देवनागरी दिसली की फोन हिंदी समजून वाचायचा. 'केलं', 'आलं', 'झालं' यांतले अनुस्वार नाकातून. 'चूल' म्हणजे 'च्यूल'. 'ळ'चं काय व्हायचं ते विचारूच नका. मावशी गेल्याची बातमी मी त्या आवाजात ऐकली. दोन वर्षं मला वाटत होतं की फोनला मराठी येतच नाही. मग आणंदचा एक अंध मुलगा, ओळख फक्त फोनवरची, त्याने वीस मिनिटं लाइनवर राहून सांगितलं, इथे जा, हे डाऊनलोड कर, आवाज बदल. मराठी आवाज फोनसाठी कधीचा फुकट मिळत होता. मला सांगायला कोणी नव्हतं, एवढंच.

पैशांचंही तसंच. शंभर, दोनशे, पाचशेच्या नव्या नोटांना कडेला उठावदार रेघा असतात, शंभरला चार, पाचशेला पाच. बँकेतली कोरी नोट बोटाला कळते. खंडेराव मार्केटमध्ये भाजीवाल्याच्या हातून शंभरदा फिरलेली नोट कळत नाही. रिझर्व्ह बँकेने 2020 मध्ये 'मणी' नावाचं ॲप काढलं, कॅमेऱ्यापुढे नोट धरली की ते किती रुपयांची ते बोलतं, इंटरनेटही लागत नाही. ओळखीतल्या किती अंध माणसांना ते माहीत होतं? मी विचारलेल्या सात जणांपैकी एकाला.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या 2022 च्या अहवालात म्हटलंय की जगात 250 कोटींहून जास्त लोकांना अशा कुठल्या ना कुठल्या साधनाची गरज आहे आणि जवळजवळ 100 कोटींना ते मिळत नाही. खरंच असणार. पण ज्यांना मिळालंय आणि कपाटात पडलंय ते कुठे मोजायचे? आपल्याकडे योजना आहेत. अपंगांच्या साधनांसाठी 'एडिप' 1981 पासून, ज्येष्ठांसाठी 'वयोश्री' 2017 पासून. अपंगांच्या हक्कांचा कायदा 2016 चा आहे, 21 प्रकारचं अपंगत्व मानणारा. 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावण्याची सक्ती नको, दुसरे मार्ग हवेत. तो निकाल मी आईला वाचून दाखवला, कारण त्याच्या दोनच महिने आधी एका बँकेच्या ॲपने मला "हिरव्या चौकटीत बघा" असं सांगितलं होतं. मी कुठेतरी बघितलं. ते म्हणालं, पुन्हा बघा. असं अकरा वेळा.

शेजारच्या काकांचा उजवा गुडघा दुखतो आणि काठीही उजव्या हातात. वर्षभर. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते आणि तिची मूठ हात सरळ सोडल्यावर मनगटाशी यायला हवी. त्यांची बरगडीला टोचायची. आईने पाहिलं, मी सांगितलं, त्यांच्या नातवाने भोकं मोजून काठी खाली केली. पाच मिनिटांचं काम.

तर तुम्ही घरी आजीला काही पाठवणार असाल तर कुरियर करू नका, घेऊन जा आणि दोन दिवस राहा. आणि फोटो टाकलात तर खाली एक ओळ लिहा की त्यात काय आहे. लग्नाची पत्रिका नुसता फोटो म्हणून येते, माझा फोन म्हणतो 'इमेज', आणि मी मुहूर्त आईला विचारतो. एवढं नक्की जमेल.

ही पोस्ट मी बोलून लिहिली. फोनने 'फोडणी'चं दोनदा 'फोन नी' केलं होतं, ते आईने चष्मा लावून पकडलं. सगळं वाचून तिची एकच तक्रार आहे. फोडणी करपायला लागली असं लिहू नकोस, एकदाच करपली होती म्हणे.

मी ते बदललेलं नाही.